दाराला टेकवलेला खराटा

“खराटा दिसला ना, तरी दार ठोठाव,” टॅक्सीत बसता बसता हेल्लीने तूलियाचं मनगट पकडलं. “तो आतच असतो.”

तूलियाच्या कडेवर पाच महिन्यांची पिह्ला होती आणि दुसऱ्या हातात म्हाताऱ्या शेजारणीची, हेल्लीची, बॅग. “हो हो, ठोठावीन,” म्हणत तिने मनगट हळूच सोडवून घेतलं. मिनिटभरापूर्वीच हेल्लीने तिला विचारलं होतं, गाईचं दूध काढून झालं का. आणि गाय विकून तीस वर्षं झाली होती. विसरत चाललेल्या माणसांसाठी तळ्यापलीकडच्या मोठ्या गावात एक घर होतं, तिथे ती राहायला निघाली होती. नवरा टाउनो तिला पोचवायला पुढच्या सीटवर बसला होता. बसण्याआधी त्याने अंगणातला बर्चच्या काटक्यांचा खराटा उचलून दाराला तिरका टेकवला, तो नीट उभा आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि मग समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला.

त्या गावात दाराला कुलूप घालायची पद्धत नाही. खराटा टेकवलेला असला की घरात कुणी नाही असं समजायचं आणि आल्या पावली परतायचं. तिथल्या पोराटोरांनाही हे सांगावं लागत नाही. हेल्लीचं बोलणं त्या गाईच्या दुधासारखंच भरकटलेलं, असं तूलियाने धरलं आणि टॅक्सी वळणाआड जायच्या आत ते विसरूनही गेली.

मार्चमध्ये तूलियाच्या गॅरेजमधल्या टेबलावर स्नोमोबाइलचं इंजिन सुटं होऊन पडलं होतं. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर केकच्या साच्यात, साच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तिच्या बारीक अक्षरात नाव. शिवाय फोनमध्ये दोनशे फोटो.

“ह्याला विद्यापीठात काय म्हणतात?” टाउनोने विचारलं. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता, हात नेहमीसारखे कोटाच्या खिशात.

“कशाला?”

“ह्या साच्यांना.”

“साचेच म्हणतात.”

“मग ठीक आहे. आम्ही अडाणी माणसं, सगळं एका बादलीत टाकायचो.”

“आणि जोडताना?”

“जोडताना काय, बादली जोरात हलवायची.”

चाळीस वर्षं त्याने आसपासच्या रेनडिअरवाल्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता ऐंशीला आला होता. तूलियापेक्षा पन्नास वर्षांनी मोठा, पण त्या गावात पाद्र्यालाही तूच म्हणतात, मग टाउनोची काय कथा.

जानेवारीत ती ह्याच स्नोमोबाइलवरून बर्फाखालच्या जाळ्यांतले मासे काढायला निघाली होती. मागच्या घसरगाडीत पिह्ला, लोकरीत गुंडाळलेली. तळ्याच्या मधोमध इंजिन एकदा किंचाळलं आणि जाम झालं. चाळीस मिनिटांनी कुणीतरी आलं. ती चाळीस मिनिटं तूलियाच्या मनात अजून संपली नव्हती. नवरा, यार्को, पंधरा दिवस खाणीवर आणि पंधरा दिवस घरी असायचा. तो म्हणाला, नवीच घेऊन टाकू. तूलिया म्हणाली, “नवीच्या पोटात काय आहे ते मला काय माहीत?”

तिचं सगळं असंच होतं. पाण्याच्या शास्त्रात पदवी घेतलेली. तळ्यावरचा बर्फ कोणत्या आठवड्यात किती जाड असतो ते तिला तोंडपाठ. तरी दर खेपेला ती भोक पाडून मोजायचीच. झोपलेल्या पिह्लाच्या नाकाशी बोट धरायची. यार्को चिडवायचा की बायको रात्री माझाही श्वास तपासते. ते खरं होतं. पण इंजिन खोलल्यापासून तिला बरी झोप लागत होती. प्रत्येक गोष्ट उघडी, समोर, पुसलेली. काय झिजलंय ते दिसत होतं आणि जे झिजलंय ते बदलता येत होतं.

त्या गुरुवारी ती पिस्टनच्या पिनेचं लॉक बसवायला शिकत होती. नखाएवढी तारेची कडी. पिन निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी खाचेत दाबून बसवायची. सरावाला तिने जुना, ओरखडे पडलेला पिस्टन घेतला होता. तिसऱ्यांदा कडी चिमट्यातून सुटली आणि कुठेतरी टिंग करून गेली. तूलियाने दुसरी उचलली.

“थांब,” टाउनो म्हणाला. “लॉक कुठाय?”

“जाऊ दे. जुनंच होतं ते.”

“जुनं असो नाहीतर सोन्याचं. जे लॉक सापडत नाही, ते इंजिनात आहे असं धरायचं. सापडेस्तोवर पुढचं काम नाही.”

“टाउनो, इंजिन तिकडे आहे. मी इकडे आहे.”

“तू आजची इकडे आहेस. सवय उद्या तिकडे येणार.”

ती गुडघ्यांवर बसून शोधू लागली. तो स्टुलावरून बुटाच्या टोकाने दिशा दाखवत होता. कडी बाबागाडीच्या चाकाखाली निघाली. ती तिने जुन्या पिस्टनच्या पोकळीत टाकली.

“आता एकदा तू बसवून दाखव,” ती पिस्टन त्याच्यापुढे धरत म्हणाली. “तुझे हात मी कधी बघितलेच नाहीत.”

टाउनोने पिस्टनकडे पाहिलं. हात खिशातून आले नाहीत.

“चष्मा आणला नाही.”

“नाकावर आहे तो?”

“हा लांबचा. शनिवारी दाखवतो.” मग निघताना कोपराने त्या जुन्या पिस्टनकडे इशारा केला. “तो घाल माझ्या खिशात. टेबलावरचे पेपर उडतात.”

दारात तो पुन्हा वळला. “शनिवारी दहाला. क्रँकचा दांडा आदल्या रात्रीपासून बाहेर बर्फात ठेव, पिशवीत गुंडाळून. बेअरिंगं सकाळपासून साउनात, वरच्या बाकावर. गरम बेअरिंग थंड दांड्यावर आपणहून बसतं, पण दहा मोजायच्या आत. एकट्याचं काम नाही ते. आणि हातोडा दिसला, तर मी घरी गेलो म्हणून समज.”

शुक्रवारी दिवसभर वारं होतं. दुपारी भांडी घासताना तूलियाने खिडकीतून पाहिलं, तर टाउनोच्या दाराला खराटा. शुक्रवारी तो गावच्या टॅक्सीने हेल्लीला भेटायला जायचा, तेव्हा त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी बर्फ पडायला लागला. त्याच्या खिडकीत दिवा लागला नाही. हवा बिघडली की तो तिकडेच मेव्हणीकडे मुक्काम करायचा. तिने पिह्लाला निजवलं, नाकाशी बोट धरलं, क्रँकचा दांडा पायरीजवळच्या बर्फात खोचला आणि झोपली.

शनिवारी उजाडलं ते स्वच्छ. उणे बावीस. तिने साउनाची, घाम काढायच्या लाकडी न्हाणीघराची, भट्टी पेटवली, सपाट भांड्यात नवी बेअरिंगं ठेवून भांडं वरच्या बाकावर सरकवलं. पिह्ला न्याहारी करून गॅरेजच्या आडोशाला बाबागाडीत झोपली होती, तिथली सगळी बाळं झोपतात तशी, फक्त नाक बाहेर. दहा वाजले. साडेदहा झाले. अंगण ओलांडून ती टाउनोच्या पायरीपर्यंत गेली. खराटा होता तिथेच होता. ती मागे फिरली.

“सांगून तरी जायचं,” ती गॅरेजमध्ये स्वतःशीच पुटपुटली. भट्टीत दोन लाकडं आणखी घातली. साचे पुसलेले होते ते पुन्हा पुसले.

अकराच्या सुमाराला ती पिह्लाला बघायला बाहेर आली. श्वास व्यवस्थित. मान वर केली तेव्हा तिची नजर टाउनोच्या लाकडाच्या शेडकडे गेली, आणि तिथे त्याची ढकलगाडी उभी होती. पुढे एक खुर्ची, मागे दोन लांब पट्ट्या. एका पायाने बर्फ ढकलत जायची. दर शुक्रवारी तो ती घेऊन हमरस्त्यापर्यंत जायचा आणि टपालपेट्यांपाशी ठेवून टॅक्सी पकडायचा. ढकलगाडीच्या खुर्चीवर रात्रभराचा बर्फ होता. उशीएवढा, कुणी न मोडलेला.

तूलियाने धुराड्याकडे पाहिलं. धूर नव्हता.

तिने पिह्लाला दुलईसकट उचललं. अंगण ओलांडताना बर्फ बुटात गेला. दारापाशी ती थांबली, कारण खराट्याला हात लावावा लागणार होता, आणि जन्मात तिने दुसऱ्याच्या दाराचा खराटा हलवला नव्हता. मग हेल्लीची बोटं मनगटावर आली, तशीच्या तशी, सप्टेंबरातली. तिने खराटा बाजूला केला आणि दार ठोठावलं.

काही नाही. पुन्हा ठोठावलं, मुठीने.

“उघडंच आहे,” आतून टाउनो म्हणाला. जणू रोजच्यासारखी ती साखर मागायला आली होती.

तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. पाठ लाकडाच्या पेटीला टेकलेली, एक पाय सरळ, खांद्यावर हेल्लीचा हिवाळी कोट. पेटी रिकामी. हाताला लागेल तेवढं सगळं त्याने चुलीत घातलं होतं, पेटीची फळीसुद्धा. टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर तो जुना पिस्टन उभा होता, शेजारी चिमटा, आणि दोन चष्मे.

“कॉफी ठेवायला उठतच होतो,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“काल दुपारपासून. गुडघा म्हणाला, तू हो पुढे, मी बसतो.”

“हाक का नाही मारलीस? मी समोर आहे. खिडकीत होते मी काल.”

“हाक मारून काय? दाराला खराटा आहे.”

तूलियाने पिह्लाला जमिनीवर लोळणाऱ्या कोटाच्या टोकावर बसवलं आणि फोन काढला. “कशाला त्यांना त्रास,” टाउनो म्हणाला. “गप बस तू,” ती म्हणाली, आणि आरोग्यकेंद्राला पत्ता सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. याचं तिला नंतर नवल वाटलं. मग तिने शेडमधून लाकडं आणली, चूल पेटवली, वेलची घातलेल्या पावाचा तुकडा त्याच्या हातात दिला.

तेव्हा तिने त्याचे हात पाहिले. खिशाबाहेर, मांडीवर. उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखे थरथरत होते. त्याने पाव दोन्ही हातांनी तोंडाशी नेला. ती पिस्टनकडे बघत राहिली, आणि तिला कळलं की खराटा शुक्रवारचा नाही, गुरुवारचाच असणार, सराव करताना कुणी येऊ नये म्हणून आत जाता जाता टेकवलेला. तिने चिमटा उचलून पुन्हा ठेवला.

“लॉक किती वेळा बसलं?” तिने विचारलं.

“एकदाही नाही.” त्याने पावाचा आणखी एक घास घेतला. “अकराव्यांदा उडालं. मग खाली बसलो शोधायला.”

“जुनं होतं ते, टाउनो.”

“हो ना.”

“आणि इंजिन माझ्या गॅरेजमध्ये.”

“ते तू मला सांगू नकोस.”

पाऊल सुजलंय का बघायला तिने त्याचा लोकरीचा जोडा काढला. जोड्यातून काहीतरी टिंग करून फरशीवर पडलं आणि गोल फिरत थांबलं. पिह्लाने झेप घेतली. तूलियाचा हात तिच्याआधी पोचला. तिने कडी टाउनोच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली. आपल्या हातात त्याचा हात काही वेळ तसाच धरून ठेवला. तो हलायचा थांबला नाही.

“मग आता पुढचं काम करायला हरकत नाही,” टाउनो म्हणाला.

नर्स पन्नास मिनिटांत आली. गुडघा दाबून, वाकवून, दोन शिव्या ऐकून म्हणाली, “हाड शाबूत आहे. मुरगळलाय. पण थंडी शिरलीय अंगात. आज एकटा ठेवायचा नाही, आणि सोमवारी मी पुन्हा येते. ऊब हवी, पण हळूहळू.”

“आमचा साउना तापलाय,” तूलिया म्हणाली. “बेअरिंगं ठेवलीत.”

नर्सने तिच्याकडे पाहिलं, मग टाउनोकडे. “बरं. बेअरिंगांना आत राहू दे, ह्याला बाहेरच्या खोलीत बसव.”

दोघींनी त्याला त्याच्याच ढकलगाडीच्या खुर्चीत बसवलं. मांडीवर पिह्ला. अंगण ओलांडताना तो म्हणाला, “ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ह्या बाजूने बसलोय. चांगली आहे की जागा.”

दुपारी एकला, साउनाच्या बाहेरच्या खोलीत, त्याच्या अंगावर दोन पांघरुणं होती आणि हातात कॉफी अर्धा कपच, सांडू नये म्हणून. यार्कोचा फोन येऊन गेला होता. पुढच्या आठवड्यात घरी येतो म्हणाला. तूलियाने बर्फातून दांडा आणला. तो एवढा गार होता की हातमोजा चिकटला. नर्सने जायच्या आधी दांडा उभा धरायचं कबूल केलं, नाहीतरी आता काय काय करायला लागणार आहे म्हणत. तूलियाने जाड मोज्यात गरम बेअरिंग घेतलं.

“एक,” टाउनो मोजू लागला. “दोन. तिरकं नको. तीन.”

चारला बेअरिंग खाली गेलं, जागेवर बसलं, कुणी ढकललं नाही तरी. नर्सने हळूच विचारलं, “झालं?”

“झालं,” टाउनो म्हणाला. “फार घाई करते, पण झालं.”

नव्या पिस्टनची लॉकं रविवारी बसली. तूलियाने बसवली, दोन उडाली, दोन्ही शोधली. खाली इंजिनाच्या तोंडात फडकं कोंबलं होतं, काही आत पडू नये म्हणून, आणि ते फडकं टाउनोने तळहाताने दाबून धरलं होतं. फडकं दाबायला थरथरता हात चालतो. शेवटचं लॉक खाचेत बसल्याचा आवाज दोघांनी ऐकला. त्याने हात काढून खिशात घालायला नेला, मग घातला नाही, टेबलावरच ठेवला.

हातांबद्दल ती दोघं पुढे कधी बोलली नाहीत. सोमवारी नर्सशी मात्र तो बोलला असावा. त्याच्या खिडकीत गोळ्यांची डबी दिसू लागली. खराट्याबद्दल तूलियाने एकदा विचारलं. तो म्हणाला, माणसाला आपल्या घरात असूनही घरी नसायची मुभा पाहिजे. तिने तेही मान्य केलं. खराटा असला तरी ती ठोठावते. कधी तो म्हणतो उघडंच आहे, कधी म्हणतो मी घरी नाहीये. दोन्ही उत्तरं तिला चालतात.

इंजिन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, चौथ्या झटक्याला. टाउनोने कान जवळ नेला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, “बरं बोलतंय.” तूलिया पायरीवर बसून राहिली. तिच्या हाताला तेलाचा वास होता आणि तिला कुठेही उठून जायचं नव्हतं.

बर्फ अजून पंचाहत्तर सेंटीमीटर होता. तिने मोजला होता, दोन ठिकाणी. हेल्ली राहत होती ते गाव रस्त्याने नव्वद किलोमीटर, तळ्यावरून बावीस. पिह्लाला यार्कोपाशी ठेवून ती टाउनोला मागे बसवून निघाली. ज्या जागी जानेवारीत इंजिन थांबलं होतं तिथे तिने मुद्दाम वेग कमी केला, कान दिला, आणि पुढे गेली.

हेल्ली खिडकीपाशी बसली होती. टाउनोला तिने त्याच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि त्याने ओ दिली. गाईचं विचारलं, तूलियाने सांगितलं, काढलं दूध, भरपूर दिलं. मग टाउनो कॉफी आणायला उठला, तेव्हा हेल्लीने पुढे वाकून तूलियाचं मनगट धरलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती.

“ठोठावलंस?” तिने विचारलं.

“ठोठावलं.”

“आतच होता ना?”

“आतच होता.”

हेल्लीने मान हलवली आणि पुन्हा तळ्याकडे बघू लागली.

जुलैत तूलिया मुलीला घेऊन तीन आठवडे माहेरी असते आणि यार्को खाणीवर. तेव्हा त्या बाजूला तुमचं जाणं झालं, तर टपालपेट्यांपासून आत वळा. डावीकडचं दुसरं घर, लाल. उन्हाळ्यात ढकलगाडी शेडच्या भिंतीला टांगलेली असते. दाराला खराटा टेकवलेला दिसेल. तो बाजूला करा आणि ठोठावा. लगेच परत फिरू नका. त्याला उठायला जरा वेळ लागतो.